दिसलेला दोरा आणि दाखवलेला दोरा

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्लिप पाठवली. कृष्णधवल आकाश, त्यात डुलत डुलत येणारी उडती तबकडी, आणि ती ज्याला टांगली आहे तो दोरा चांगला ठसठशीत दिसतोय. खाली त्याने लिहिलं होतं, "मावशी, काय खतरनाक स्पूफ आहे बघ!" मी त्याला लगेच फोन केला. कारण ते स्पूफ, म्हणजे मुद्दाम केलेलं विडंबन, नव्हतंच. ज्याने तो सिनेमा काढला त्याने तो अगदी मनापासून, गंभीरपणे काढला होता.

ती क्लिप होती अमेरिकन दिग्दर्शक एड वूडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मधली. १९५६ साली त्याचं चित्रीकरण झालं. पैसे दिले होते एका चर्चच्या मंडळींनी. तबकड्या म्हणजे दुकानात मिळणारी खेळण्यातली मॉडेलं. बेला लुगोसी हा एकेकाळचा मोठा नट त्यात दिसतो, पण त्याची दृश्यं या सिनेमासाठी घेतलेलीच नव्हती. वूडने ती आधी कधीतरी घेऊन ठेवली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुगोसी गेला. मग उरलेल्या दृश्यांत वूडने आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीच्या मणक्यांवर उपचार करणाऱ्याला, उभं केलं. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच. म्हणून तो सबंध सिनेमाभर झग्याने तोंड झाकून वावरतो. एकाच प्रसंगात एका शॉटला दिवस आहे आणि पुढच्याला रात्र. १९८० मध्ये एका पुस्तकाने याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं, आणि तेव्हापासून लोक तो हसायला म्हणून बघतात.

हसू दोन्हीकडे येतं, म्हणूनच घोटाळा होतो. जुना फसलेला विज्ञानपट आणि त्याचं विडंबन यांची एखाद-दोन मिनिटांची क्लिप पाहिली, तर दोन्हींत पुठ्ठ्याचं यान असतं, रबरी राक्षस असतो आणि दोरा दिसतो. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मला वाटतं सगळा फरक या म्हणीत आहे. जुन्या सिनेमावाल्याने नेमकं पैशाचंच सोंग आणायचा प्रयत्न केला आणि ते उघडं पडलं. विडंबन करणारा गरिबीचं सोंग आणतो. आणि तेही वाटतं तितकं सोपं नाही.

'रोबॉट मॉन्स्टर' घ्या, १९५३ चा. दिग्दर्शक फिल टकर. त्यातला चंद्रावरून आलेला रोबॉट म्हणजे गोरिलाचा केसाळ पोशाख आणि त्यावर पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखं डोकं. हा विनोद म्हणून कुणी सुचवलेला नव्हता. रोबॉटचा पोशाख शिवून घ्यायला पैसे नव्हते, आणि जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. चार दिवसांत चित्रीकरण उरकलं. साबणाचे फुगे सोडणारं एक यंत्रही त्यात आहे, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव मानाने दिलेलं आहे. यातल्या प्रत्येक चुकीमागे असा एखादा नाइलाज सापडतो. म्हणून मला त्या चुका कधी नुसत्या हास्यास्पद वाटत नाहीत. चार दिवसांत आणि असलेल्या पोशाखात चंद्रावरचा रोबॉट उभा करायचा होता, आणि त्या माणसांनी तो केला.

संवादांचंही तेच. या सिनेमांत शास्त्रज्ञ सारखे बोलत असतात. अणुशक्ती म्हणजे काय, किरण कुठून येतात, पृथ्वीला धोका कसा आहे, हे सगळं दिवाणखान्यात बसून एकमेकांना सांगतात. कारण स्फोट दाखवायला खर्च येतो आणि स्फोटाबद्दल बोलायला येत नाही. विडंबनकाराने ही खोड बरोबर पकडली. लॅरी ब्लेमायरच्या 'द लॉस्ट स्केलेटन ऑफ काडाव्ह्रा' या २००१ च्या सिनेमात शास्त्रज्ञ आणि त्याची बायको दोघांनाही आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी एकमेकांना शांतपणे समजावून सांगतात. 'अ‍ॅटमॉस्फिअरियम' नावाच्या दुर्मीळ द्रव्यासाठी सगळे धडपडत असतात. डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेला हा सिनेमा मुद्दाम कृष्णधवल ठेवला आहे. त्यातल्या सांगाड्याच्या तारा दिसतात, आणि त्या दिसाव्यात म्हणूनच दिसतात. पण तो पाहताना कुठेही जुन्या सिनेमांबद्दल तुच्छता जाणवत नाही. त्या माणसाने असले सिनेमे शेकड्याने पाहिले असणार आणि त्यांच्यावर जीव लावला असणार, हे त्याच्या प्रत्येक वाक्याच्या ठेवणीत कळतं.

मेल ब्रूक्सच्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'ची (१९७४) गोष्ट मला फार आवडते. मूळ १९३१ च्या सिनेमासाठी केनेथ स्ट्रिकफॅडनने प्रयोगशाळेची ठिणग्या उडवणारी यंत्रं बनवली होती. ती त्याने जपून ठेवली होती. ब्रूक्सने विडंबनासाठी तीच यंत्रं वापरली. सिनेमा कृष्णधवलच करायचा हा हट्टही त्याने सोडला नाही, आणि त्यापायी एक स्टुडिओ गमावून दुसऱ्याकडे गेला. टर उडवायची असेल तर कुणी एवढं करत नाही.

मराठी वाचकाला खरं तर हे नवं नाही. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली ती १९२५ मध्ये. रविकिरण मंडळातल्या कवींची शैली, त्यांची वृत्तं, त्यांचे लाडके शब्द त्यांना तोंडपाठ होते म्हणून ते विडंबन जमलं. ज्याला वृत्त सांभाळता येत नाही त्याची कविता फसते. त्याला विडंबन कुणी म्हणत नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही, लालबागला कळलं. आमच्या चाळीच्या गणपतीत एका वर्षी मुलांनी जुन्या अंतराळपटांवर वीस मिनिटांचं प्रहसन बसवलं. बसवायला होते नाना. गिरणीत नोकरी आणि संध्याकाळी कामगार रंगभूमीवर बॅकस्टेज, अशी त्यांची हयात गेलेली. तबकडी आम्ही दोन पत्रावळी तोंडाला तोंड लावून केली होती, वर चंदेरी कागद. ती टांगली मासे पकडायच्या तंगुसाला. तालमीला तबकडी आली आणि कुणीच हसलं नाही. दिवा पडला की तंगूस मध्येच चमकायचा, मध्येच दिसेनासा व्हायचा. बघणाऱ्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "दोरा दिसतोय, सांगू या का पोरांना?"

तेव्हा नानांनी बाबूभाई मिस्त्रींचं नाव काढलं. मुंबईच्या सिनेमातला ट्रिकसीनचा हा मोठा माणूस. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त, विजय भट्टांच्या सिनेमात, अदृश्य माणसाने वस्तू हलवल्यासारख्या दाखवायच्या होत्या, तर मिस्त्रींनी त्या काळ्या दोऱ्याने हलवल्या. प्रेक्षकांना दोरा दिसला नाही. धंद्यातल्या लोकांनी त्यांचं नावच 'काला धागा' पाडलं. नाना म्हणाले, "दोरा लपवायचा तर तसा लपवा. नाहीतर सरळ दाखवा. हे अर्धवट काही कामाचं नाही." आणि त्यांनी तंगूस काढून सुतळी बांधली. मांडवाची, जाड, पिवळट सुतळी.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती अंतराळवीराची. ते काम करणाऱ्या मुलाला तबकडी आली की हसू फुटायचं. नानांनी त्याला जवळ बसवलं. "बाळा, तू हसलास की समोरचा हसत नाही. तुझ्यासाठी ती खरी आहे. तिच्यात कोण बसलंय याची तुला भीती वाटते. सुतळी आम्हाला दिसते, तुला नाही." प्रयोगाच्या रात्री सुतळीवरून तबकडी हेलकावत आली, त्या पोराने डोळे विस्फारून, सुतळीच्या आरपार बघत, आईला हाक मारली आणि मांडव हसून हसून लोळला.

फसलेल्या सिनेमात नटाचा विश्वास खराच असतो. चांगल्या विडंबनात तोच विश्वास तालीम करून आणावा लागतो. म्हणून मी क्लिप बघताना आधी नटाचे डोळे बघते. तो प्रेक्षकांकडे चोरून बघत असेल, "बघा मी किती गमतीदार" असं त्याच्या चेहऱ्यावर असेल, तर ते यातलं काहीच नाही. तो हल्ली बराच निघणारा तिसरा प्रकार. वावटळीतून शार्क पडतात वगैरे मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे. त्यात ना मूळचा नाइलाज, ना विडंबनाची मेहनत. मला ते दहा मिनिटांपुढे बघवत नाहीत.

दुसरं बघायचं ते शॉट किती वेळ टिकतो हे. फसलेल्या सिनेमात तबकडी पडद्यावर जरा जास्तच रेंगाळते, कारण कापून दुसरं लावायला काही चित्रित केलेलं नसतं. विडंबनातही ती रेंगाळते, पण हसू पिकून उतरेपर्यंतच.

आपल्याकडे दारासिंग १९६७ मध्येच 'चांद पर चढाई' करून आला होता, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी. त्या सिनेमाच्या क्लिपांखालीही लोक स्पूफ म्हणून लिहितात तेव्हा मला वाईट वाटतं. आपल्या या चंद्राचं नीट, प्रेमाने केलेलं विडंबन कुणीतरी मुंबईत करायला हवं. माणसं आहेत, सुतळीही आहे.

भाच्याला मी दोन सिनेमे लागोपाठ बघायला लावले. आधी 'रोबॉट मॉन्स्टर', मग 'लॉस्ट स्केलेटन'. पहिल्याला तो खदखदून हसला, दुसऱ्याला सुरुवातीला गप्प होता. मग एकदम त्याने सिनेमा थांबवला, मागे नेला आणि पडद्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मावशी, ही जागा तीच आहे का गं? त्या गोरिलाची?"

तीच होती. लॉस एंजेलिसमधली ब्रॉन्सन कॅन्यन. अठ्ठेचाळीस वर्षांनी ब्लेमायर आपला कॅमेरा घेऊन मुद्दाम तिथेच गेला होता.