केराटिन की रिबाँडिंग? नाव सोडा, टप्पे बघा

सलूनच्या भिंतीवरच्या यादीत केराटिन, स्मूदनिंग, रिबाँडिंग, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशी नावं एकाखाली एक लिहिलेली असतात आणि सगळ्यांसमोर आश्वासन एकच: सरळ, मऊ, चमकदार केस. नावावरून निवड करायला गेलात तर फसगत ठरलेली, कारण ही नावं कोणी नियमाने बांधून दिलेली नाहीत. एका ठिकाणी ‘केराटिन स्मूदनिंग’ म्हणून जे करतात, ते दुसरीकडे रिबाँडिंग म्हणून मिळतं. केसात प्रत्यक्ष काय घडतं हे पाहिलं तर मुख्य प्रकार दोनच. एकात केसाच्या आतले बंध तोडून ते नव्या आकारात पुन्हा जोडतात. ही रिबाँडिंग, आणि तिचंच सौम्य रूप स्मूदनिंग. दुसऱ्यात ते बंध न तोडता आम्लधर्मी द्रावण आणि तापलेल्या प्लेट्सच्या जोरावर केस काही महिन्यांपुरते सरळ बसवतात, हे केराटिन.

दोन्ही ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे न्यूट्रलायझर, म्हणजे तुटलेले बंध पुन्हा जोडणारं दुसरं क्रीम. एक क्रीम लावलं, धुतलं, केस वाळवून स्ट्रेटनर फिरवला आणि त्यानंतर दुसरं क्रीम लावून पुन्हा धुतलं, तर ती रिबाँडिंग किंवा स्मूदनिंग आहे, डब्यावर काहीही छापलेलं असो. एकच द्रावण लावलं, ते केसावर असतानाच किंवा अर्धवट धुऊन ब्लो ड्राय केलं, स्ट्रेटनर फिरवला आणि काम संपलं, तर ते केराटिनच्या घराण्यातलं. त्यामुळे खुर्चीत बसण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: दुसऱ्या टप्प्यात न्यूट्रलायझर लागणार आहे का?

केस वाकडा का असतो

केस बहुतांशी केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना दोन महत्त्वाच्या प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. हायड्रोजन बंध कच्चे असतात. पाण्याने सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. ब्लो ड्रायने सरळ केलेले केस दमट हवेत पुन्हा वळतात ते यामुळे, इस्त्री केलेला सुती कपडा घामाने चुरगळावा तसं. दुसरे डायसल्फाइड बंध, गंधकाच्या दोन अणूंमधले. हे पाण्याला दाद देत नाहीत. कुरळेपणा टिकून राहतो तो मुख्यतः यांच्यामुळे. कायमचा सरळपणा हवा असेल तर यांनाच हात घालावा लागतो.

रिबाँडिंग: तोडा, सरळ करा, जोडा

पहिल्या क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते अल्कधर्मी असल्याने केसाचं बाहेरचं आवरण फुगतं, द्रव्य आत शिरतं आणि डायसल्फाइड बंध तुटू लागतात. केस ढिला पडतो. त्याच अवस्थेत तो सरळ केला आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा न्यूट्रलायझर लावला की बंध नव्या जागी जुळतात. सगळे मात्र जुळत नाहीत. म्हणून उत्तम हाताने केलेल्या रिबाँडिंगनंतरही केस आधीपेक्षा थोडा कमजोरच राहतो.

नीट केलेल्या कामाचा क्रम असा असतो. केस डीप क्लीन शाम्पूने धुतात, कंडिशनर लावत नाहीत. नंतर केस चार किंवा अधिक भागांत वाटून मानेकडून सुरुवात करतात आणि क्रीम टाळूपासून अर्धा ते एक सेंटिमीटर सोडून लावतात. वेळ कंपनीच्या सूचनेप्रमाणे, केसाच्या जाडीनुसार साधारण 15 ते 40 मिनिटं. पण घड्याळापेक्षा महत्त्वाची असते ती चाचणी. दर काही मिनिटांनी एक-दोन केसांवरचं क्रीम पुसून ते ताणून, बोटाभोवती गुंडाळून पाहायचे. केस मऊपणे ताणला जातो आणि वळण सोडतो, म्हणजे पुरे. ताणल्यावर रबरासारखा लांबत जाऊन परत येत नसेल तर वेळ आधीच उलटलेली आहे. ही चाचणी न करता टायमर लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळणारा माणूस पाहिला की सावध व्हा.

मग कोमट पाण्याने भरपूर धुणं. इथे पाच मिनिटं वाचवली तर क्रीम केसात राहून पुढच्या उष्णतेत काम करतच राहतं. त्यानंतर केस पूर्ण वाळवून, बोटभरापेक्षा कमी जाडीच्या पातळ बटा घेऊन साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला स्ट्रेटनर. स्मूदनिंगमध्ये क्रीम सौम्य असतं आणि स्ट्रेटनरचा जोरही कमी, म्हणून केस चपटे न होता थोडा फुगीरपणा उरतो. शेवटी न्यूट्रलायझर 10 ते 15 मिनिटं, धुणं, मास्क, ब्लो ड्राय. लांब, दाट केसांना चार ते सहा तास सहज लागतात. ‘दोन तासांत करून देतो’ म्हणणारा कुठला तरी टप्पा गाळतोय.

बिघडतं कुठे, हेही याच क्रमात दिसतं. मुळाशी बटेवर स्ट्रेटनर वाकडा धरला तर तिथे कायमची घडी पडते, आणि ती वाढून खाली येईपर्यंत दिसत राहते. केस आतून ओलसर असताना प्लेट फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस त्याच जागी तुटतो. न्यूट्रलायझर कमी वेळ ठेवला किंवा मागच्या बटांना लागलाच नाही, तर काही धुण्यांतच तिथली लाट परत येते आणि केसही दुबळा राहतो. सगळ्यात मोठी चूक मात्र दुसऱ्या वेळी होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा महिन्यांत मुळाशी सहा-सात सेंटिमीटर कुरळा भाग येतो. क्रीम फक्त तेवढ्याच भागाला लावायचं असतं. आधी रिबाँड झालेल्या लांबीवर ते पुन्हा ओढलं की टोकं झडायला लागतात. लावणाऱ्याने जुन्या आणि नव्या केसाची सीमा बोटाने शोधली नाही, तर त्याला थांबवा.

केराटिन: नाव प्रथिनाचं, काम दुसऱ्याचंच

केराटिनच्या बाटलीत केराटिन असतं हे खरं. ते तुकडे केलेलं, पाण्यात विरघळणारं प्रथिन असतं. बरचसं केसावर थर देतं, थोडं आत जातं, केस भरल्यासारखा वाटतो. पण केस सरळ होतो तो त्याच्यामुळे नाही. सरळ करणारं द्रव्य वेगळं असतं. जुन्या प्रकारात फॉर्माल्डिहाइड, नव्यात बहुधा ग्लायऑक्सिलिक आम्ल किंवा त्याची भावंडं. तापवल्यावर ती प्रथिनाच्या साखळ्यांना सरळ स्थितीत अडकवतात. हेअर बोटॉक्सचा त्या प्रसिद्ध इंजेक्शनशी काही संबंध नाही. काही ठिकाणी तो नुसता भारी कंडिशनिंग मास्क असतो, काही ठिकाणी त्यात हेच आम्ल असतं. नॅनोप्लास्टियाची गोष्टही बरीचशी तीच.

पद्धत छोटी दिसते. डीप क्लीन शाम्पू दोन-तीनदा, केस वाळवणं, टाळूपासून एक सेंटिमीटर सोडून द्रावण लावणं, जास्तीचं बारीक कंगव्याने ओढून काढणं, 20 ते 40 मिनिटं थांबणं, ब्लो ड्राय, आणि मग अगदी पातळ बटांवर प्रत्येकी पाच ते आठ वेळा स्ट्रेटनर. खरी मेख तापमानात आहे. बऱ्याच कंपन्या निरोगी, जाड केसांसाठी 230 अंशांपर्यंत सांगतात. बारीक, रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांना तेवढी उष्णता झेपत नाही; तिथे 180 ते 190 च्या आसपास राहावं लागतं. केराटिनने केस खराब झाले अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा दोष द्रावणाइतकाच या प्लेट्सचा असतो. बटा जाड घेतल्या की आतपर्यंत उष्णता पोचत नाही, मग कारागीर तापमान वाढवतो किंवा फेऱ्या वाढवतो, आणि वरचे केस करपतात.

ग्लायऑक्सिलिक आम्लाने रंगही फिका पडतो, कधी एखादी छटा तर कधी त्याहून जास्त. काळ्याभोर रंगवलेल्या केसांवर तांबूस झाक आली तर आश्चर्य नको. म्हणून रंग नंतर आणि तोही दोनेक आठवड्यांनी करणं बरं.

धुराबद्दल मात्र ठाम राहायला हवं. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. पाण्यात मिसळल्यावर ते मिथिलीन ग्लायकॉल होतं, आणि तापवलं की पुन्हा वायू बनून बाहेर पडतं. त्यामुळे ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या बाटलीच्या मागे मिथिलीन ग्लायकॉल, फॉर्मेलिन किंवा मेथानल असं नाव असेल तर त्या दाव्याला अर्थ नाही. स्ट्रेटनर फिरवताना डोळे चुरचुरले, घसा धरला तर ‘थोडं होतंच’ हे उत्तर पुरेसं नाही. उघडी खिडकी, बाहेर हवा फेकणारा पंखा, कारागिराच्या तोंडाला योग्य मास्क, हे दिसलं पाहिजे. तुमचा तो एक दिवस असतो, त्याचा रोजचा. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. गरोदर असताना आणि दम्याचा त्रास असेल तर हे टाळलेलंच चांगलं.

ग्लायऑक्सिलिक आम्लही निर्धोक नाही. ते असलेलं क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचे रुग्ण इस्रायलमध्ये नोंदले गेले. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशाच एका तरुणीचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. असं होणं विरळ आहे, पण केराटिननंतर मळमळ, उलट्या, पाठीत दुखणं किंवा लघवी कमी होणं दिसलं तर डॉक्टरांना ही ट्रीटमेंट केल्याचं आवर्जून सांगा. लावताना टाळू झोंबली तर लगेच धुवायला लावा.

कोणासाठी काय

केस दाट, घट्ट कुरळे आहेत, ते अगदी सरळ हवेत आणि दर सहा-आठ महिन्यांनी मुळांना टचअप करायची तयारी आहे: रिबाँडिंग. मूळ वळण आवडतं, फक्त दमट हवेत केस उभे राहतात, विंचरताना गुंता होतो: केराटिन, तेही सगळी खबरदारी घेऊनच. मधल्या माणसाला, म्हणजे लाटा कमी करायच्या पण चपटं डोकं नको, त्याला स्मूदनिंग. मुळातच विरळ केसांना रिबाँडिंग शोभत नाही. टाळू जास्त दिसायला लागते. अगदी आखूड केस रिबाँड केल्यावर काट्यासारखे उभे राहतात.

केराटिन तीन ते पाच महिन्यांत हळूहळू उतरतं, केस किती वेळा धुता त्यावर. मुळाशी ठळक सीमा दिसत नाही. रिबाँड केलेला भाग मात्र सरळच राहतो. आवडला नाही तर उपाय एकच: वाढवून कापणं. हा फरक बाकी सगळ्या फरकांपेक्षा मोठा आहे आणि नेमका तोच कमी वेळा सांगितला जातो.

काही केसांना रिबाँडिंग करूच नये. ब्लीच किंवा हायलाइट्स झालेला केस थायोग्लायकोलेटने अक्षरशः विरघळल्यासारखा होऊ शकतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या रिलॅक्सरने सरळ केलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट चालत नाही, उलटही नाही. दोन्ही एकत्र आले की केस तुटतात. मेंदीचं जरा नाजूक आहे. शुद्ध मेंदीचा थर क्रीमला आत जाऊ देत नाही, परिणाम असमान येतो. पण ‘काळी मेंदी’ किंवा पुडीतल्या रंगात धातूंचे क्षार असतील तर पेरॉक्साइडशी त्यांची प्रक्रिया होऊन केस तापतो, कधी जळतोही. पुडीवरची घटकद्रव्यं माहीत नसतील तर मानेजवळची एक बट आधी तपासूनच पुढे जायचं.

चांगला कारागीर कसा ओळखायचा

तो बोलण्याआधी हात लावतो. कोरडा केस ताणून पाहतो, ओला करून पाणी किती पटकन शोषलं जातंय ते बघतो (लगेच शोषणारा केस आधीच सच्छिद्र झालेला असतो, त्याला सौम्य क्रीम आणि कमी वेळ). गेल्या दोन वर्षांत केसांवर काय काय केलं ते विचारतो, घरी लावलेल्या रंगासकट, कारण लांब केसांच्या टोकांत तेवढा जुना इतिहास असतोच. मानेजवळच्या लपलेल्या बटेवर पूर्ण प्रक्रिया करून दाखवायला तयार असतो. कानामागे थोडं क्रीम लावून 48 तास थांबायला सांगतो. आणि कधीकधी सरळ नाही म्हणतो. तुमच्या केसांना हे झेपणार नाही, आधी टोकं कापा, तीन महिने थांबा असं सांगणारा गिऱ्हाईक गमावतोय, तरी त्याच्याकडे परत जावं.

डबा तुमच्यासमोर उघडतो का, बाटली दाखवायला कचरतो का, हेही बघा. मोठ्या डब्यातून वाटीत काढलेलं, नाव नसलेलं क्रीम घेऊन समोर येणाऱ्याला घटकांची यादी मागायला संकोच नको. सुरेख फोटो फारसे उपयोगी नाहीत. ते ब्लो ड्रायनंतर लगेच काढलेले असतात आणि त्या क्षणी कुठलेही केस छान दिसतात. त्याऐवजी चार-पाच महिन्यांपूर्वी त्याच्याकडे रिबाँडिंग केलेल्या कोणाची टोकं पाहायला मिळाली तर उत्तम.

नंतरच्या काळजीत रिबाँडिंगचे पहिले 48 ते 72 तास जपायचे: केस ओले करायचे नाहीत, क्लिप-रबर नाही, कानामागे सारणंही नाही. केराटिनचं उत्पादनाप्रमाणे बदलतं. काही त्याच दिवशी धुतात, काहींना तीन दिवस लागतात, म्हणून बाटलीवरची सूचना वाचून घ्या. पुढे दोन्हीला सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू चालतो.

सलूनमधून निघताना चार गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवा: उत्पादनाचं पूर्ण नाव, क्रीमची तीव्रता (डब्यावर सामान्य, कडक किंवा रंगवलेल्या केसांसाठी असं लिहिलेलं असतं), ते किती मिनिटं ठेवलं, आणि स्ट्रेटनरचं तापमान. सोबत तारीख आणि डब्याच्या मागच्या बाजूचा एक फोटो. पुढच्या वेळी सलून बदललं तरी नवा कारागीर हे पाहून कुठपर्यंत क्रीम लावायचं आणि कुठे थांबायचं ते ठरवू शकेल.