जुन्या कॅम्पर व्हॅनमधली ओल: छत गळतंय की पत्र्याला घाम सुटलाय?

सकाळी गादीचा कोपरा ओला लागतो, प्लायवर काळे ठिपके दिसतात आणि मालक सिलिकॉनची ट्यूब घेऊन टपावर चढतो. जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, केलेल्या अनेकांचा पहिला पावसाळा असाच जातो. पण ते पाणी बाहेरून आलंय की आतल्याच हवेतून पत्र्यावर जमलंय, हे आधी ठरवायलाच हवं, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. गळती असेल तर फट बुजवायची, घाम असेल तर वाफेला बाहेर जायला वाट द्यायची. घामाच्या गाडीची एकेक फट बुजवत गेलात तर ओल वाढतच जाते.

घाम कसा धरतो, ते थंड पाण्याच्या तांब्यावर आपण रोज बघतो. आतली हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर पत्रा १७ अंशांच्या खाली उतरला की त्यावर थेंब जमू लागतात. महाबळेश्वरला डिसेंबरच्या रात्री तो याहून बराच खाली जातो. वाफ पुरवणारे आपणच असतो. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत मिसळतं. पातेल्यातून निघणारी वाफ त्याशिवाय. आत झोपलेल्यांचा श्वास आणि दोरीवरचे ओले टॉवेल आहेतच. कोकणात जुलैमध्ये प्रकार थोडा वेगळा. तिथे बाहेरचीच हवा दमट, त्यामुळे एसीच्या पाइपावरचा फोम सुटला असेल तर तो पाइप घाम धरतो. पाइप छतातून जात असला की तेच पाणी हुबेहूब गळतीसारखं टपकतं.

घाम पाऊस नसतानाही पहाटे दिसतो, आणि सगळीकडे दिसतो: काचांवर, छताच्या लोखंडी कमान्यांवर, उघड्या स्क्रूंच्या डोक्यांवर. गळती पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर येते, बहुधा एकाच बाजूला, आणि वाळली की मागे तपकिरी कडेचा डाग उरतो. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर अचानक धार आली, तर पाणी आत कुठेतरी साठून राहिलंय असं समजा.

शंका असेल तर ओल्या जागेवर स्वयंपाकघरातली फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. फॉइल वरून ओली झाली तर घाम. मागून ओली झाली तर गळतीचा संशय, पण खात्री नव्हे. प्लायच्या मागे पत्र्यावर जमलेला घामही झिरपून तिथे येतो. निकाल लागतो तो पाण्याच्या पाइपानेच. आतलं प्लाय उतरवा, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून खालून वर पाणी सोडत जा: आधी खिडकीचं रबर, मग गटरची (छताच्या कडेच्या पन्हळीची) शिवण, मग कॅरिअरचे बोल्ट, शेवटी छताचं व्हेंट. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि दोषी कोण ते कळत नाही. थेंब पडतो तिथेच भोक असेल असंही नाही. पुढच्या बोल्टातून शिरलेलं पाणी कमानीच्या कडेने सरकत पार मागच्या पलंगावर पडू शकतं.

गळती सापडली की जुनं सीलंट (फटीत भरलेला लेप) पूर्ण खरवडून काढा, गंज घासा, प्राइमर मारा आणि मगच नवं भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला लावू नका. त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते लोखंड खातं आणि वर रंगही धरत नाही. झाकणं आणि फ्रेमखाली ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी), शिवणीला पॉलियुरेथेन सीलंट. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र कधीच बुजवू नका.

घामाला मेहनत कमी, शिस्त जास्त. प्लायमागे ग्लासवूल भरली असेल तर काढा, ती पाणी धरून ठेवते. त्याऐवजी बंद छिद्रांचा फोम पत्र्याला सलग चिकटवा, कमान्याही उघड्या सोडू नका. रात्री छताचं व्हेंट आणि एक खिडकी बोटभर उघडी असू द्या. गॅस पेटवल्यावर तर खिडकी उघडीच हवी. बंद गाडीत ओलीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा धोका कितीतरी मोठा, आणि त्याला वास नसतो.