पिशवी काढली, आता फाईल मागायची कशी? दवाखान्याचे कागद आणि ग्राहक आयोगाचा अर्ज

गर्भपिशवी काढल्यावर त्रास सुरू झालेल्या बायका तक्रार घेऊन येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो, डिस्चार्ज कार्ड. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेली, सोनोग्राफी झाली, पुढे कॅन्सर होईल म्हणून घाबरवलं आणि चार दिवसांत पिशवी काढून मोकळे. ऑपरेशन खरंच गरजेचं होतं का, हे नुसत्या डिस्चार्ज कार्डावरून कुठलाही दुसरा डॉक्टर सांगू शकत नाही. म्हणून आधी फाईल, मग भरपाईसाठी ग्राहक आयोगात तक्रार. उलट केलं की अर्ज लटकतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्या भेटीतच सांगते.

फाईल पेशंट स्वतः मागू शकते, नाहीतर तिनं लेखी अधिकार दिलेला माणूस. नवरा जाणार असला तरी तिच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स सोबत न्यावी, नाहीतर काउंटरवरूनच परत पाठवतात. अर्जात "सगळे कागद द्या" असं मोघम लिहू नका, नावं घालून मागा: केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, संमतीपत्र, ओटी नोट्स (ऑपरेशनमध्ये काय केलं त्याच्या नोंदी), भुलीच्या आणि सिस्टरच्या नोंदी, बिलं, आणि बायोप्सी रिपोर्ट.

हा शेवटचा रिपोर्टच कुणाकडे नसतो. काढलेली पिशवी तपासायला लॅबमध्ये जाते, तिथं काय निघालं ते त्यात असतं, आणि ऑपरेशनची गरज होती की नव्हती याचा सगळ्यात मोठा पुरावा बहुतेकदा तोच. पिशवी पाठवलीच नसेल तर तसं लेखी द्या म्हणायचं, तो कागदही उपयोगी पडतो. लॅबचं नाव कळलं तर तिथं ब्लॉक आणि स्लाइड (पिशवीच्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या) जपून ठेवल्यात का तेही विचारा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

डॉक्टरांच्या वर्तणुकीचे 2002 चे नियम सांगतात की पेशंटनं कागद मागितले की मागणीची पोच द्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. पण हे 72 तास मागणी केल्यापासून मोजायचे, आणि तोंडी मागितलं तर ते सिद्ध कशावरून करणार? एका बाईला एका दवाखान्यानं "साहेब सुट्टीवर आहेत" म्हणत दोन महिने फिरवलं, आणि तिच्याकडे एकही शिक्का नव्हता. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं पाठवा, पावती सांभाळा.

आता मुदत, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. दवाखान्यानं फाईल किमान 3 वर्षं ठेवायची असा त्याच नियमांत उल्लेख आहे, तो कुठंतरी वाचून लोक धरून चालतात की ग्राहक आयोगातल्या तक्रारीलाही 3 वर्षं आहेत. नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे 2 वर्षंच. उशीर माफ करून घेता येतो पण त्याला पटेल असं कारण लागतं, तेव्हा ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही.

ग्राहक आयोगात जायची पात्रता म्हणजे उपचाराचे पैसे दिलेले असणं, तुम्ही दिले किंवा विमा कंपनीनं दिले तरी चालतं, हे सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच सांगितलंय. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात असा सरकारी दवाखाना यात बसत नाही. तिथं कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. खाजगीत रोख दिले आणि पावतीच नाही असं असेल तर बँकेतून पैसे काढल्याची नोंद, यूपीआयची नोंद, मेडिकलची बिलं, जे असेल ते जोडा.

फीच्या भीतीनं कितीजणी घरी बसतात! दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी शून्य आहे. भरपाई किती मागताय यावर नाही, दिले किती यावर ठरतं, आणि 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. शिवाय तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं गाव एकीकडे, कारखाना दुसरीकडे, ऑपरेशन तिसरीकडे, तिला दवाखान्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न गाजून 2019 मध्ये सरकारनं समिती नेमली, तरी ही साधी सोय अजून त्यांच्यापर्यंत कुणी नेत नाही याचा मला राग येतो.

संमतीपत्र मिळालं की नीट वाचा. त्यावर कुठलं ऑपरेशन लिहिलंय, सही कुणाची, तारीख काय. समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर पिशवी काढता येत नाही, पेशंट भुलीत असताना तिच्या आईकडून घेतलेली संमतीही चालत नाही, कारण ती सज्ञान होती आणि जिवावर बेतलेलं नव्हतं.

बाकी सोपं आहे. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन किंवा आयोगाच्या ऑफिसात तक्रार, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, कागदांच्या प्रती. वकील सक्तीचा नाही.

फाईलच्या अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ती प्रत नंतर कुणी "जरा बघू" म्हणून मागितली तर झेरॉक्स द्या, मूळ कागद हातातून सोडू नका.