वय न वाढणारी पोरं: चित्रमालिकांतल्या बालपात्रांची पार्श्वभूमी

हिंदी चित्रकथांतल्या बिल्लूचे डोळे कुणी पाहिलेले नाहीत. कपाळावरची झुलपं थेट नाकापर्यंत, म्हणून राग, लबाडी, फजिती सगळं तोंडाच्या एका रेघेवर आणि हातवाऱ्यांवर निभावून नेलेलं. ही झुलपं काढणारे प्राणकुमार शर्मा, म्हणजे 'प्राण', फाळणीनंतर इकडे आले आणि त्यांनी बी. ए. ग्वाल्हेरमध्ये केलं. चाचा चौधरी, पिंकी, बिल्लू वाचत ग्वाल्हेरच्याच लश्कर भागात लहानाच्या मोठ्या झालेल्या मराठी मंडळींनाही हे क्वचितच ठाऊक असतं.

डोळे गाळण्याची युक्ती मात्र जुनी आहे. हॅरॉल्ड ग्रे यांची 'लिटल ऑर्फन ॲनी' ५ ऑगस्ट १९२४ रोजी सुरू झाली. तिच्या डोळ्यांच्या जागी नुसती दोन कोरी वर्तुळं होती. यात छपाईचा फायदा असा, की मूळ चित्र मोठं काढून छापताना लहान केलं जातं. त्यात बुबुळाचा ठिपका भरून तरी जातो, नाहीतर उडतो, आणि हसरं पोर तिरळं दिसतं. बुबुळच नसेल तर बिघडणार काय? भुवई आणि ओठ जाड रेघेत काढले की काम भागतं.

बालपात्रांच्या इतिहासाकडे बघायचं ते असंच, शाई, जागा आणि हक्क यांच्या बाजूने. मुलांवरची माया त्यात आहेच, पण या पोरांना घडवलं ते बहुतेक छापखान्याने आणि वकिलांनी.

मूळ पुरुष जर्मनीतले. विल्हेल्म बुश यांच्या 'माक्स आणि मोरित्स' (१८६५) मध्ये दोन वांड पोरांच्या सात खोड्या आहेत आणि शेवटी दोघं गिरणीत दळली जाऊन बदकांच्या पोटात जातात. चित्राखाली पद्य, बोलण्याचे फुगे नाहीत. पुढचा टप्पा न्यूयॉर्कचा. रिचर्ड आउटकॉल्ट यांचा 'यलो किड' १८९५ मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पानावर आला. गरीब वस्तीतला, उवांपायी डोक्याचा चकोट केलेला, पायघोळ झग्यातला पोरगा. रंगीत पानावर त्याचा झगा आधी निळा होता, तो पिवळा ठरला १८९६ च्या जानेवारीत. सुरुवातीला त्याचं बोलणं फुग्यात नव्हे, झग्यावरच लिहिलेलं असे. वर्षअखेरीआधीच प्रतिस्पर्धी वृत्तपत्राचे मालक हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्या 'जर्नल'मध्ये ओढलं. 'वर्ल्ड'ने जॉर्ज लक्स यांच्याकडून तोच पोरगा काढून घेणं चालू ठेवलं. एकाच शहरात दोन पिवळी पोरं! 'पीत पत्रकारिता', म्हणजे सनसनाटी पत्रकारिता, हा शब्द या भांडणातून रुजला.

१२ डिसेंबर १८९७ रोजी रुडॉल्फ डर्क्स यांचे 'कॅटझेनजॅमर किड्स' आले. डर्क्स जन्माने जर्मन आणि हान्स-फ्रिट्झ ही जोडी सरळ माक्स-मोरित्सवरून उचललेली. खोडी, फजिती, शेवटी फटके हा साचा आणि सलग चौकटींतून गोष्ट सांगण्याची रीत इथे पक्की झाली. पुढे डर्क्स यांचं वृत्तपत्राशी बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. निकाल असा, की नाव वृत्तपत्राचं, पात्रं चित्रकारालाही काढता येतील. मग डर्क्स तीच पोरं दुसऱ्या नावाने प्रतिस्पर्ध्याकडे काढू लागले आणि मूळ मालिका हॅरॉल्ड नेर यांच्या हाती गेली. आउटकॉल्ट यांच्या 'बस्टर ब्राउन'चंही (१९०२) असंच झालं. शिवाय बस्टरचं नाव बुटांच्या कंपनीने घेतलं. बुटाच्या खोक्यावर चढलेल्या पोराला मिसरूड फुटून कसं चालेल?

खरा मोठा झालेला पोरगा म्हणजे 'गॅसोलीन ॲली'तला स्कीझिक्स. मालिका मोटारींच्या गप्पांची. ती बायकांनीही वाचावी म्हणून संपादकाला घरात तान्हं मूल हवं होतं, पण नायक वॉल्ट पडला ब्रह्मचारी. तोड निघाली: १४ फेब्रुवारी १९२१ रोजी मूल त्याच्या दाराशी ठेवलेलं सापडलं. चित्रकार फ्रँक किंग यांनी ते खऱ्या कालगणनेने वाढू दिलं आणि दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला. ही वाट फार थोड्यांनी धरली.

जागेच्या गणिताचा कळस 'पीनट्स'. २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वृत्तपत्रांत सुरू झालेली ही मालिका 'जागा वाचवणारी' म्हणून विकली गेली. चार सारख्या चौकटी आडव्या लावा, उभ्या लावा, नाहीतर दोनावर दोन. एवढ्याशा चौकटीत मोठं माणूस मावायचं तर पोरं मुंगीएवढी करावी लागतात. चित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी मोठी माणसं चौकटीबाहेरच ठेवली, नजर पोरांच्या उंचीवर आणली आणि डोकी मोठी केली, कारण भाव तिथेच दिसतो. श्रोडर आणि लायनस तान्ही म्हणून आली, वाढत नायक चार्ली ब्राउनच्या बरोबरीची झाली आणि तिथेच थांबली. मालिका १३ फेब्रुवारी २००० ला संपली, शुल्झ आदल्याच दिवशी गेले होते.

१२ मार्च १९५१ हा दिवस गमतीचा. अमेरिकेत हँक केचम यांचा 'डेनिस द मेनेस' सुरू झाला आणि त्याच दिवशी ब्रिटनमध्ये त्याच नावाचा दुसरा वांड पोरगा 'बीनो' या मुलांच्या साप्ताहिकाच्या अंकात विकायला आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अर्जेंटिनाची माफाल्दा (१९६४-७३) मुळात घरगुती यंत्रांच्या जाहिरातीसाठी काढलेली. जाहिरात बारगळली, मुलगी उरली.

आपल्याकडे प्राण यांचा 'दाबू' १९६० मध्ये दिल्लीच्या 'मिलाप'मध्ये आला, तेव्हा देशी वृत्तपत्रांत परदेशी मालिकाच जास्त. बंगालीत नारायण देबनाथ यांची 'हांदा भोंदा' जोडी १९६२ ची. मराठीत रोजची बालनायकाची मालिका रुजवली ती चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चिंटूने, २१ नोव्हेंबर १९९१ पासून, पुण्याच्या 'सकाळ'मध्ये. ग्वाल्हेरच्या घरांत तो पोचला बहुतेक पुस्तकरूपाने, पुण्याच्या पाहुण्यांच्या पिशवीतून.

भाषांतरित मालिका मराठीत बुटक्या का वाटतात, याचंही उत्तर जागेत आहे. इंग्रजी फुग्यातली अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, एका उंचीची, त्यामुळे ओळी चिकटून बसतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकार-ऋकाराला जागा लागते. चार ओळींच्या फुग्यात तीनच मावतात. चौथी कोंबली की उकार खालच्या शिरोरेषेत बुडतो आणि 'कुठे'चं 'कठे' होतं. म्हणून वाक्य छाटावं लागतं, आणि छाटलं जातं नेमकं पोराचं लाडिक बोलणं.

ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या (बाजारातल्या) रद्दीत किंवा आजोबांच्या फायलीत जुनं कात्रण सापडलं, तर चौकटींच्या मधल्या बारीक अक्षरांतली तारीख बघावी. अमेरिकी पद्धतीत महिना आधी असतो. '१०-२' म्हणजे २ ऑक्टोबर, १० फेब्रुवारी नव्हे. आपल्याकडच्या वृत्तपत्रात ती उशिराही छापलेली असू शकते, म्हणून अंकाची तारीख वेगळी नोंदवावी. रविवारच्या पट्टीत वरची रांग नसेल तर कात्रण फाटलं असं लगेच समजू नये. ती रांग जागेसाठी गाळता यावी अशीच काढलेली असे, त्यामुळे चित्रकार तिथे स्वतंत्र, फुटकळ विनोद घालत. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'च्या बिल वॉटरसन यांनी हे नाकारलं आणि २ फेब्रुवारी १९९२ पासून त्यांचं रविवारचं अर्धं पान अखंड छापावं लागलं. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या 'कॅल्व्हिन'च्या रविवारच्या कात्रणात रांग कमी दिसली, तर मात्र कात्री घरातलीच.