स्वर्ग आणि पुनर्भव (बौद्ध मत)

बौद्ध धम्मात स्वर्ग आहे, पण तिथे कायमचा मुक्काम कुणालाच नाही. पाली ग्रंथांना मानणारी थेरवाद परंपरा जन्माच्या ३१ भूमी मानते. त्यांतल्या २६ देवांच्या. पुण्य आणि ध्यान यांच्या बळावर तिथे जन्म मिळतो, बळ सरले की दुसरीकडे. निब्बाण (निर्वाण), म्हणजे जन्ममरणातून सुटका, या यादीत नाही.

यांतला सर्वांच्या ओळखीचा तावतिंस, म्हणजे तेहतीस देवांचा लोक. त्याचा राजा सक्क हा वैदिक इंद्रच, फक्त इथे तो बुद्धापुढे शंका घेऊन येणारा उपासक होतो. तिथला एक दिवस माणसांच्या १०० वर्षांचा आणि आयुष्य तशा १,००० वर्षांचे. हिशेब ३ कोटी ६० लाख वर्षांवर जातो. तरीही मरण चुकत नाही. इतिवुत्तक या पाली ग्रंथात देवाच्या मरणाची पाच लक्षणे आहेत: माळा कोमेजतात, वस्त्रे मळतात, काखांना घाम सुटतो, अंगाचे तेज उतरते, आसनावर मन लागत नाही. अशा वेळी सोबतचे देव त्याला सुगती चिंततात, आणि ती सुगती म्हणजे माणसाचा जन्म! माणूस होऊन धम्मावर श्रद्धा बसणे हाच मोठा लाभ, असे तिथे म्हटले आहे.

स्वर्गाच्या लोभाची थट्टाही या साहित्यात आहे. उदान या पाली ग्रंथात बुद्ध आपला सावत्र भाऊ नंद याला तावतिंसातल्या ५०० अप्सरा दाखवतात. त्या मिळाव्यात म्हणून नंद साधनेला लागतो, तेव्हा इतर भिक्खू त्याला ‘मजुरीवरचा’ म्हणून हिणवतात. शरमेने तो नेटाने साधना करतो आणि अर्हत, म्हणजे तृष्णेतून मुक्त झालेला, होतो. मग अप्सरांचा विषयच उरत नाही. नंदाची कथा अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात रंगवलेली आहे.

बौद्ध मत आत्मा मानत नाही, तर मग पुन्हा जन्म कुणाचा? मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला (मिनँडर) रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, पण वेगळीही नव्हे. कर्माचा प्रवाह तसाच पुढे चालतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात पुनर्जन्माचा वेगळाच अर्थ लावला: शरीरातली महाभूते विखुरतात, आपापल्या समूहात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, आत्म्याचा प्रवास होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्ये मात्र मृतांच्या नावे भिक्खूंना दान देऊन त्याचे पुण्य त्यांना अर्पण करतात.