मोगली एरंड वेगळा आणि एरंड वेगळा

बायोडिझेलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास बोलतो, "सड्यावर, म्हणजे आपल्या कातळमाळावर, एरंड लावूया, जागा पडीकच तर आहे." अरे पण कुठला एरंड? कूळ एक, बिया दोघांच्या विषारी, म्हणून तेलही सारखंच असेल असं धरून चालतात.

मोगली एरंड आपल्याला सांगायला नको. वईला म्हणजे कुंपणाला लावतो तोच, पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की रुजते, गुरं तोंड लावत नाहीत, आणि लहानपणी देठ मोडून फुंकर मारून चिकाचे फुगे उडवलेच असतील. साध्या एरंडाचं पान पंजासारखं, फळ काटेरी, बी चट्ट्यापट्ट्यांचं. मोगलीचं फळ गुळगुळीत, बी काळं. ओळखायला एवढं पुरे.

खरा घोळ तेलात आहे. एरंडाच्या बीत तेल ४५-५० टक्के, मोगलीच्या बीत ३०-३५च्या आसपास, मग एरंडच बरा ना? नाही! एरंडेल चमच्यातून ओतून बघा, मधासारखी तार धरतं. त्यात ८५-९० टक्के एकटं रिसिनोलिक नावाचं आम्ल असतं आणि त्याच्या रेणूवर एक जादा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना धरून बसतात. मिथेनॉल घालून बायोडिझेल केलं की मोगलीचं तेल ४-५ सेंटिस्टोकवर (हे दाटपणाचं माप) उतरतं, म्हणजे डिझेलच्या जवळ, पण एरंडाचं १३-१५वरच अडतं कारण तो ओएच गट त्या प्रक्रियेत निघतच नाही. एवढं जाड इंधन इंजिनाच्या नोझलमधून बारीक फवारत नाही. थोडं डिझेलमध्ये मिसळता येतं हो, पण वंगण, रंग, नायलॉन-११ (एरंडेलापासून होणारं प्लास्टिक) वाले ज्या गुणासाठी चांगले पैसे मोजतात तो गुण जाळून टाकायचा कशाला? गुजरातेत एवढा एरंड पिकतो तो इंधनासाठी नाही.

"मग सड्यावर मोगली लावू" हेही लगेच नको. कुंपणात हिरवागार दिसतो म्हणून बी भरपूर धरेल असं नाही. आपल्या कातळावर पावसात पाणी तुंबतं, ते त्याच्या मुळांना सोसत नाही, आणि दिवाळीनंतर तिथे ओल राहत नाही. सरकारचंही लक्ष्य खाली आलं: केंद्राच्या २००९च्या जैवइंधन धोरणात २०१७पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं लक्ष्य होतं, २०१८च्या धोरणात बायोडिझेलसाठी २०३०पर्यंत ५ टक्के उरलं. मी तर म्हणेन मोगली वईलाच राहू दे, आणि तेलासाठी झाड लावायचंच असेल तर खाडीकाठचा करंज लावा, त्याला खारं पाणीही चालतं आणि त्याच्या तेलाचं बायोडिझेलही होतं.