कुत्रीची गाठ काढली, पण तपासली का?

परभणीत आमच्या मावशीच्या राणीला, म्हणजे तिच्या कुत्रीला, पोटाखाली गाठ आली, आधी हरभऱ्याएवढी होती, दोन महिन्यात लिंबाएवढी झाली. डॉक्टरनी ऑपरेशन करून काढली, टाके घातले अन् गाठ गेली कचऱ्यात. मावशी विचारायली, "बाबा, कॅन्सर होता का रे?" आता काय सांगावं, जिच्यातून कळलं असतं ती गाठच फेकून दिली. म्हणून हे लिहायलोय.

नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये सगळ्यात जास्त येणारी गाठ स्तनाची. कुत्रीला साधारण ५ जोड्या सड असतात अन् गाठी बहुतेक मागच्या दोन जोड्यांत येतात. ढोबळमानानं निम्म्या साध्या निघतात, निम्म्या कॅन्सरच्या, आणि नुसतं हातानं चाचपून हे खात्रीनं सांगता येत नाही.

इथं प्रोटीन मार्कर, म्हणजे गाठ कशी आहे याची खूण देणारी प्रोटीनं, कामाला येतात. केआय-६७ नावाचं एक प्रोटीन आहे, पेशी वाढायच्या, विभागायच्या मागं लागली की ते तिच्या केंद्रकात दिसतं, पेशी निवांत बसली की दिसत नाही. जर्मनीतल्या कील शहरात हे काम झालं, १९८३ ला छापून आलं, कीलवरून केआय अन् पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या ज्या खड्ड्यात त्याची अँटिबॉडी (ठराविक प्रोटीनलाच चिकटणारा रेणू) बनवणारी पेशी मिळाली त्याचा नंबर ६७, एवढंच ते नाव.

लॅबमध्ये गाठीचा तुकडा मेणात बसवून ४-५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतात, केसाच्या जाडीपुढं काहीच नाही. त्यावर अँटिबॉडी सोडायची, ती प्रोटीनला जाऊन चिकटते आणि मग रंग दिला की तिथं तपकिरी होतं, बाकीची केंद्रकं निळी राहतात. मायक्रोस्कोपखाली निळ्या ठिपक्यांत चहाच्या रंगाचे ठिपके दिसतात, ते शेकड्यानं मोजत बसायचं. तपकिरी जितके जास्त तितकी गाठ जोरात वाढायली. माणसाच्या केआय-६७ साठी बनवलेली अँटिबॉडी कुत्र्याच्या गाठीवरही चालते, इतकं ते प्रोटीन दोघांत सारखं आहे, मला तर याचं लई नवल वाटतं.

कातडीतल्या मास्ट सेल (अ‍ॅलर्जीत काम करणाऱ्या पेशी) गाठीत किट नावाचं प्रोटीन बघतात. ते पेशीच्या कडेला गोल रिंगणासारखं असलं तर बरं, पण आत पसरलं असलं तर गाठ वाईट वागायची शक्यता जास्त. याच किटला अडवणारं टोसेरॅनिब औषध अमेरिकेत २००९ ला खास कुत्र्यांसाठी मंजूर झालं.

लोक म्हणतात रक्तातून कळत नाही का? सीआरपीसारखी, म्हणजे शरीरात सूज आली की वाढणारी, प्रोटीनं रक्तात वाढतात खरी, पण ती गोचीड तापातही वाढतात, त्यामुळं तेवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. गाठच लागते.

अन् ती नीट ठेवावी लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात उघडी गाठ काही तासांत खराब होते, फ्रीजरमध्ये टाकली तर बर्फानं पेशी फाटतात. १० टक्के फॉर्मॅलिन (गाठ खराब होऊ न देणारं औषध), गाठीच्या दहापट, मोठी असली तर मधून चिरा द्यायच्या कारण औषध तासाला साधारण १ मिलिमीटरच आत शिरतं. हे डॉक्टरनंच करायचं, फॉर्मॅलिन घरी हाताळू नका. फक्त ऑपरेशनच्या आधीच सांगा, "साहेब, गाठ तपासायला पाठवायचीय." परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहेत, तिथं कोणती तपासणी होते ते आधी फोन करून विचारा.

राणीला आता मागच्या सडापाशी पुन्हा बारीक दाणा लागायलाय. मावशीनं यावेळी डॉक्टरला आधीच सांगून ठेवलंय, बरणी रुंद तोंडाची आणा म्हणून, कारण फॉर्मॅलिनमध्ये गाठ कडक होते, अरुंद बाटलीतून निघत नाही.